जंत, पण कोणता?

जेवता जेवता ब्लॉग वाचायची सवय असेल तर हे पान आत्ता बंद करा आणि जेवण उरकून, चहाचा कप घेऊन परत या. नंतर मला नावं ठेवू नका, मी आधीच सांगितलंय :-)

तर झालं असं. दहा फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो, म्हणून नातवाच्या शाळेतून निरोप आला होता. मुलांना पोटभर नाश्ता करून पाठवा, गोळी द्यायची आहे. सूनबाईने तो निरोप घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकला आणि मग काय, सगळ्यांच्या आतला वैद्य जागा झाला. वहिनी म्हणाली, गूळ फार खातो ना तो, म्हणून जंत होतात. धाकट्या जावेने सांगितलं, रात्री झोपेत दात खातो, म्हणजे नक्की झालेत. कुणी वावडिंग सुचवलं. मी चौतीस वर्षं प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली बाई, मला राहवलं नाही. मी लिहिलं, "जंत, पण कोणता?"

दोन हसरे चेहरे आले. मग आमचा भाचा, जो स्वतः बालरोगतज्ज्ञ आहे, त्याने लिहिलं, "मावशी, नावाशी काय करायचंय? गोळी एकच आहे!"

पोरगा हुशार आहे आणि त्याचं म्हणणं अर्ध्याहून जास्त खरं आहे. पण उरलेल्या अर्ध्यासाठी मी हा लेख लिहितेय. त्या उरलेल्या भागात आपल्या घरातलं एक माणूस सापडलं होतं आणि त्यात चूक माझी होती. बऱ्याच नातेवाइकांना हे माहीत नाही. ते पुढे येईलच.

आधी भाच्याची बाजू. २०१५ पासून आपल्या देशात एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना शाळेत आणि अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी देतात. मोठ्या मुलांना ४०० मिलिग्रॅमची पूर्ण गोळी, एक ते दोन वर्षांच्या बाळांना अर्धी. कोट्यवधी मुलांची शौचाची तपासणी करत बसलो तर गोळीच्या कितीतरी पट खर्च येईल, म्हणून न तपासता सगळ्यांना देतात. आणि तेच शहाणपणाचं आहे. ज्यांना 'आमच्या मुलाला कशाला?' असं वाटतं त्यांनी कृपया द्यावी. (गुळाचं म्हणाल तर, गुळाने जंत होत नाहीत. मातीतली अंडी हाताला लागून, न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात. दात खाण्याचा संबंधही पक्का सिद्ध झालेला नाही. वहिनी, रागावू नकोस.)

पण आपण 'जंत' म्हणतो तेव्हा निदान पाच वेगवेगळी मंडळी आपल्या डोळ्यांसमोर एकच होऊन जातात.

आम्ही कॉलेजात प्राणिशास्त्र शिकलो तेव्हा गोल कृमींचा एकच प्रतिनिधी होता, ॲस्कॅरिस. लिनियसने १७५८ साली त्याला 'लुम्ब्रिकॉइडिस' म्हणजे गांडुळासारखा असं नाव दिलं. दिसतोही तसा, पण गांडुळाच्या अंगावर कड्या असतात, ह्याचं अंग गुळगुळीत. मादी वीस ते पस्तीस सेंटिमीटर, नर थोडा लहान आणि त्याची शेपटी आत वळलेली. परीक्षेत 'नर-मादी ओळखा' हा हमखास प्रश्न असे. मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते, त्यामुळे शौचाच्या नमुन्यात ती सापडायला फार कष्ट पडत नाहीत. पिवळट तपकिरी, आणि बाहेरून फणसाच्या सालीसारखी खडबडीत. एकदा पाहिलीत की जन्मभर विसरणार नाही.

व्हिपवर्मचं अंडं म्हणजे दोन्ही टोकांना बुचं लावलेलं छोटंसं पिंप. ह्याच्या नावाची गंमत सांगते. त्याचं शास्त्रीय नाव ट्रायच्युरिस, म्हणजे केसासारख्या शेपटीचा. हे नाव १७६१ साली ठेवलं गेलं. नंतर लक्षात आलं की केसासारखा बारीक भाग ही शेपटी नसून पुढचा, तोंडाकडचा भाग आहे! मग १७८२ साली 'केसासारख्या डोक्याचा' असं दुरुस्त नाव सुचवण्यात आलं. पण नामकरणाचा नियम कडक, आधीचं नाव तेच खरं. त्यामुळे तो बिचारा अजून उलटं नाव घेऊन फिरतोय. आपल्याकडे नाही का, काळ्या मुलीचं नाव गौरी!

हुकवर्मचं अंडं पारदर्शक, पातळ कवचाचं, आत चार-आठ पेशींचा गोळा. हुकवर्म दोन प्रकारचे. अँकिलोस्टोमाच्या तोंडात दातांच्या जोड्या असतात, तर नेकॅटरच्या तोंडात कापणाऱ्या पट्ट्या. दोघे आतड्याला चिकटून रक्त पितात. पण दोघांची अंडी इतकी सारखी की नुसत्या अंड्यावरून कोणाचं ते सांगताच येत नाही. म्हणून प्रामाणिक अहवालात फक्त 'हुकवर्मची अंडी' असं लिहितात. आपल्याला जेवढं दिसलं तेवढंच लिहायचं, हेही ओळखण्याच्या विद्येतच येतं.

लहान मुलांना रात्री खाज सुटते ती पिनवर्ममुळे. त्याचं अंडं एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर, अगदी करंजी. पण ते शौचात सहसा सापडत नाही. मादी रात्री बाहेर येऊन कातडीवर अंडी घालते, म्हणून सकाळी आंघोळीआधी तिथे चिकटपट्टी लावून तीच काचेवर डकवायची. कित्येक आया 'शौचाची तपासणी केली, काही निघालं नाही' म्हणून वैतागून येत. निघणार कसं?

आणि पाचवा स्ट्राँगिलॉइडिस. ह्याची अंडी शौचात येतच नाहीत म्हटलं तरी चालेल. ती आतड्यातच फुटतात आणि बाहेर येतात त्या वळवळणाऱ्या अळ्या, पाव मिलिमीटरच्या आसपास. १८७६ साली आजच्या व्हिएतनाममधून परतलेल्या फ्रेंच सैनिकांमध्ये तो पहिल्यांदा सापडला. तेव्हा शौचातला एक आणि आतड्यातला दुसरा अशी त्याला दोन वेगळी नावं दिली गेली. ह्या दोन जाती नसून एकाच प्राण्याच्या दोन पिढ्या आहेत, हे काही वर्षांनी लॉयकार्टने दाखवलं. म्हणजे पहिल्यापासूनच हा प्राणी ओळखणाऱ्यांना फसवत आलाय.

आता नानाकाकांची गोष्ट.

नानाकाका म्हणजे माझे चुलते. दापोलीकडे भातशेती, थोडी पोफळीची बाग, आणि आयुष्यभर पायात वहाण नाही. १९९४ साली त्यांना पोटाचा त्रास होता, अंगाला खाज होती. मी पुण्यात एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत, म्हणून ते माझ्याकडे आले. रातराणी एस्टीने यायचं होतं, म्हणून नमुना आदल्या संध्याकाळी घेऊन तो हॉर्लिक्सच्या स्वच्छ धुतलेल्या बाटलीत घालून आणला होता. माझ्या टेबलावर येईपर्यंत त्याला चौदा-पंधरा तास झाले असतील.

मी काच केली, पाहिलं, तर अळ्या.

इथे जरा नीट लक्ष द्या. शौचाच्या नमुन्यात अळ्या दिसल्या तर साधारणपणे दोन शक्यता असतात. एक, तो स्ट्राँगिलॉइडिस आहे. दोन, ती हुकवर्मची अंडी होती आणि नमुना शिळा झाल्यामुळे ती बाटलीतच फुटली. माझा नमुना शिळा होता, काका कोकणातले, अनवाणी शेतात जाणारे. मी हिशेब केला, हुकवर्म. बाहेर नमुन्यांची रांग लागली होती. लिहून टाकलं.

फरक ओळखायला लागतं काय? मोठ्या भिंगाखाली अळीचं तोंड बघायचं. हुकवर्मच्या अळीची तोंडाची नळी लांब असते, स्ट्राँगिलॉइडिसची अगदी आखूड. शिवाय स्ट्राँगिलॉइडिसच्या पोटाशी मधोमध जननेंद्रियाचा अंकुर ठळक दिसतो, हुकवर्मच्या अळीत तो शोधावा लागतो. आयोडिनचा एक थेंब सोडून अळी निपचित केली की दोन मिनिटांचं काम. मला ते येत होतं, नवीन मुलांना मीच शिकवत असे. त्या दिवशी मात्र केलं नाही, कारण उत्तर मला आधीच 'माहीत' होतं.

काकांना अल्बेंडाझोल मिळालं. थोडं बरं वाटलं, ते गावी गेले. जाता जाता म्हणाले होते, "अगो, कमरेवर अशा लाल रेघा उठतात, खाजतात, आणि तासाभरात पुढे सरकतात बघ." मी हसले होते. कातडीखालून धावणारी रेघ ही स्ट्राँगिलॉइडिसची जवळजवळ सही आहे, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण पुस्तकातली ओळ घरच्या माणसाच्या बोलण्यात ओळखता येणं सोपं नसतं.

आता हा प्राणी इतरांपेक्षा वेगळा का? बाकीचे जंत माणसाच्या पोटात आपली संख्या वाढवू शकत नाहीत. जितके आत गेले तितकेच, आणि वय झालं की मरतात. स्ट्राँगिलॉइडिसच्या काही अळ्या मात्र आतड्यातच मोठ्या होऊन पुन्हा त्याच माणसाच्या अंगात शिरतात. त्यामुळे तो न दिसता, फारसा त्रास न देता, दशकानुदशके राहू शकतो. आणि त्या माणसाला स्टेरॉइड दिली की प्रतिकारशक्तीचा पहारा उठतो आणि अळ्या भराभर वाढून फुप्फुसांपर्यंत, कधी मेंदूपर्यंत जातात. सोबत आतड्यातले जिवाणू नेतात. त्यातून वाचणारे कमी. अल्बेंडाझोलची एक गोळी ह्याला पुरत नाही, ह्याचं खरं औषध आयव्हरमेक्टिन. म्हणजे 'गोळी एकच' हे वाक्य इथे चालत नाही.

२००६ साली काकांचा दमा वाढला आणि त्यांना स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. देणाऱ्या डॉक्टरांची काही चूक नव्हती. त्यांच्यासमोर माझा १९९४ चा अहवाल होता, त्यावर हुकवर्म, आणि त्यावर उपचार झालेले. महिन्याभरात उलट्या, पोट फुगणं, थुंकीत रक्त, ताप. चुलतभावाने त्यांना मुंबईला नेलं. तिथल्या एका शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी थुंकीचा थेंब रंग न देता तसाच काचेवर घेऊन पाहिला, तर त्यात अळ्या वळवळत होत्या. रात्री अकराला भावाचा फोन आला. कागदावरचं नाव तो अडखळत वाचत होता, "स्ट्राँगि... स्ट्राँगिलो... काय गं हे?" त्याने नाव पूर्ण करायच्या आत मला सगळं कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरचं जुनं रजिस्टर काढलं. माझंच अक्षर. 'हुकवर्मच्या अळ्या दिसल्या.' आणि त्याखाली, तेही माझ्याच अक्षरात, 'अंडी दिसली नाहीत'. अंडी फुटून अळ्या झाल्या असत्या तर मागे राहिलेली एखाददोन न फुटलेली अंडी दिसायला हवी होती. उत्तर मी स्वतःच लिहून ठेवलं होतं आणि वाचलं नव्हतं.

मधल्या बारा वर्षांत त्यांना तो नव्याने झाला असेल, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. अशक्य नाही, माणूस तोच, शेत तेच, पाय अनवाणीच. पण त्याने फारसा फरक पडत नाही. १९९४ च्या कागदावर खरं नाव असतं तर २००६ च्या डॉक्टरांनी स्टेरॉइड देण्याआधी एकदा थांबून तपासलं असतं. नाव ही पुढे कधीतरी, कुणा अनोळखी माणसासाठी ठेवलेली सूचना असते. त्या दिवशीच्या गोळीपुरता तिचा उपयोग नसतो.

काका तेवीस दिवसांनी घरी आले. वजन निम्मं झालं होतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. शाळेतली गोळी द्या, डोळे मिटून द्या. पण कुणा एका आजारी माणसाचा नमुना जेव्हा प्रयोगशाळेत जातो तेव्हा 'जंत आहेत / नाहीत' हे उत्तर पुरेसं नाही. हल्ली मी नातेवाइकांचे अहवाल बघते (सगळे मला फोटो पाठवतात, निवृत्त झाले तरी सुटका नाही), त्यात 'अंडी, सिस्ट आढळल्या नाहीत' ही ओळ आधीपासून छापलेली असावी अशी शंका येते. एक काच, एक नजर, संपलं. मिठाच्या संपृक्त पाण्यात अंडी तरंगवून बघणं, नमुना दोन-तीन दिवस वेगवेगळा घेणं, अळीचं तोंड बघणं, ह्याला वेळ लागतो आणि त्या वेळेचे कुणी पैसे देत नाही. माझ्या जागी आलेल्या मुलीला यंत्रं माझ्यापेक्षा शंभरपट छान येतात, पण तिने हुकवर्मची अळी प्रत्यक्ष पाहिलेली नाही, फक्त पडद्यावर.

'आता डीएनए आहे, कशाला डोळे फोडायचे?' हेही ऐकते. डीएनएबद्दल मला आदरच आहे. १९९८ साली जनुकांवरून गोल कृमींची वंशावळ नव्याने मांडली गेली तेव्हा आम्ही पाठ केलेलं वर्गीकरण बरंचसं मोडीत निघालं. आमच्या वेळी शेपटीजवळ दोन सूक्ष्म ज्ञानेंद्रियं आहेत की नाहीत ह्यावरून दोन मोठे गट पाडत. नव्या वंशावळीत पाच शाखा निघाल्या, आणि परजीवी होण्याचा उद्योग ह्या प्राण्यांनी एकदाच नव्हे तर अनेकदा, वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे केला असं दिसलं. वरच्या मंडळींत व्हिपवर्म एका शाखेतला, ॲस्कॅरिस आणि पिनवर्म दुसऱ्या, स्ट्राँगिलॉइडिस तिसऱ्या आणि हुकवर्म चौथ्या. एकाच वाड्यात राहणारे भाडेकरू, पण एकमेकांचे सोयरे नव्हेत. आपण मात्र सगळ्यांना एकाच आडनावाने हाक मारतो!

पण डीएनएच्या चाचणीलाही विचारावं लागतं, कोणाचं शोधू? आणि जुळवून बघायला कुणीतरी आधी हातात धरून, भिंगाखाली बघून, नाव देऊन ठेवलेला किडा लागतो. बेलिस नावाच्या माणसाने भारतातल्या ह्या प्राण्यांवर दोन खंड लिहिले, १९३६ आणि १९३९ साली. तसं चिकाटीचं काम करणारी माणसं आता सगळ्या जगात कमी होत चालली आहेत. गोल कृमींच्या आजवर पंचवीस हजारांच्या वर जाती नोंदल्या गेल्यात आणि नोंदायच्या त्याच्या कितीतरी पट उरल्यात असं जाणकार म्हणतात. नोंदणारे कुठून आणायचे?

नावं ठेवण्याची हौस आपल्याला नव्हती असंही नाही. चरकसंहितेत कृमींचे वीस प्रकार सांगितलेत. ते कुठे उपजतात त्यावरून गट केलेत, मलज, शोणितज, श्लेष्मज, पुरीषज, आणि प्रत्येकाला स्वतंत्र नाव, उदरावेष्ट काय, दर्भपुष्प काय! त्यातला आजचा कोणता कोण हे जुळवत बसण्यात अर्थ नाही, पण 'सगळे एकच' असं त्यांना वाटत नव्हतं एवढं नक्की.

आणि आपला नारू. तो तर खेड्यातली अडाणी म्हातारीसुद्धा ओळखायची. पायावर फोड, त्यातून दोरा, तो काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळायचा. एक जंत, एक नाव, कुणाच्या मनात घोटाळा नाही. पायऱ्यांच्या विहिरी बंद करा, पाणी फडक्याने गाळा, एवढ्यावर तो गेला. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. जाण्याची कारणं अनेक होती, पण शत्रूचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं हे त्यातलं एक, असं मला वाटतं.

भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं. तो ऐकून घेतो, ह्याबद्दल त्याचं कौतुक. मग म्हणाला, "मावशी, जागतिक आरोग्य संघटनेनेही स्ट्राँगिलॉइडिससाठी २०२४ मध्ये वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, आयव्हरमेक्टिनची." मग? नावाशी काय करायचं होतं ते कळलं ना? हे मी मनात म्हटलं, तोंडावर नाही. पोरगं शेवटी डॉक्टर आहे.

गावाकडच्या मंडळींसाठी एक विनंती. ज्यांचं आयुष्य चिखलात अनवाणी गेलंय आणि ज्यांना आता दम्यासाठी, संधिवातासाठी, कशाही साठी स्टेरॉइड सुरू होणार आहेत, त्यांनी डॉक्टरांना एवढं सांगावं, 'मी भातशेतीतला माणूस आहे, आधी स्ट्राँगिलॉइडिस बघता का?' नाव उच्चारता येत नसेल तर कागदावर लिहून न्या. आणि नमुना ताजा द्या.

नानाकाका २०१५ साली गेले, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, झोपेत, जंतांशी संबंध नसलेल्या कारणाने. त्यांना मी सांगितलं होतं. २००९ च्या गणपतीत, आरती झाल्यावर पडवीत ते सुपारी कातरत बसले होते, तेव्हा सगळं सांगितलं. रजिस्टर, अळ्या, न दिसलेली अंडी, सगळं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग अडकित्ता बाजूला ठेवून म्हणाले,

"आणि ती हॉर्लिक्सची बाटली गो? ती परत नाही दिलीस तू. तुझ्या काकूने मला आठ दिवस बोल लावला होता."